सोन्यावर पहिला नंबर कोणाचा: ग्वानिनचा की ॲडेनिनचा?

नागपुरात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. तिचा प्रकल्प सोन्याचे नॅनोकण आणि डीएनएचे बेस (डीएनएची चार रासायनिक ‘अक्षरं’) यांवर आहे. एका शोधनिबंधात सोन्यावरच्या पकडीचा क्रम ग्वानिन, ॲडेनिन, सायटोसिन, थायमिन असा दिलाय. दुसऱ्यात ॲडेनिन पहिलं आणि ग्वानिन सायटोसिनच्याही मागे. तिने स्वतः डीएफटीने (इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ऊर्जा काढायच्या संगणकीय पद्धतीने) गणित केलं, तर ॲडेनिन सोन्याला जेमतेम चिकटतंय असं निघालं. प्रयोगात मात्र सिट्रेटने स्थिर ठेवलेल्या सोन्याच्या लाल कलिलात (पाण्यात तरंगणाऱ्या बारीक कणांत) ॲडेनिन टाकलं की ते निळं पडतं, आणि रेणूंची कंपनं दाखवणाऱ्या रामन वर्णपटात ॲडेनिनची रेघ ठसठशीत येते, थायमिनची जवळजवळ येतच नाही. “मॅडम, यातलं खरं काय मानू आणि प्रबंधात काय लिहू?”

दोन्ही क्रम खरे आहेत. ते दोन वेगळ्या प्रयोगांचे आहेत आणि दोन वेगळे प्रश्न सोडवतात, एवढंच. तुमच्या मार्गदर्शकांनी एकच क्रम निवडायला सांगितलं असेल, तर त्यांना नम्रपणे सांगा की तसा एकच क्रम अस्तित्वात नाही. बेसची धातूवरची पकड हा त्या रेणूचा स्वतःचा गुणधर्म नव्हे. धातू कोणता, त्याचा कोणता पृष्ठभाग, भोवती निर्वात आहे की पाणी, विभव (विद्युतदाब) किती, शेजारी कोण बसलंय आणि बेस मोकळा आहे की साखरेला जोडलेला, या सगळ्यांचा तो एकत्रित हिशोब आहे.

पहिला क्रम निर्वातातला आहे. सोन्याच्या पातळ थरावर बेसचा एकेरी थर बसवायचा, ठरावीक गतीने तापवत न्यायचं आणि कोणत्या तापमानाला रेणू सुटून वस्तुमान वर्णपटमापकात पोचतात ते नोंदवायचं. या पद्धतीने २००२ साली अमेरिका आणि स्वीडनमधल्या संशोधकांनी मिळून जी मोजणी प्रसिद्ध केली, तिच्यात सुटण्याची ऊर्जा ग्वानिनला प्रति मोल १४६ किलोज्यूलच्या आसपास, ॲडेनिनला १३१, सायटोसिनला १२८ आणि थायमिनला १११ अशी आली. तुमच्या गणिताच्या एककात हे ग्वानिनसाठी साधारण १.५ इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि थायमिनसाठी १.१५ होतं. आता हे आकडे नीट बघा. ॲडेनिन आणि सायटोसिन यांच्यातला फरक मोजणीच्या त्रुटीइतकाच आहे. म्हणजे ‘ॲडेनिन मोठं, सायटोसिन छोटं’ हे चिन्ह त्या दोघांमध्ये घालायचा अधिकार या प्रयोगातून कोणालाच मिळत नाही. ठामपणे म्हणता येतं ते इतकंच की ग्वानिन सगळ्यात वर आहे आणि थायमिन सगळ्यात खाली.

आणखी एक बारकावा आहे, तो बहुतेक जण सोडून देतात. तापमानावरून ऊर्जा काढताना सुटण्याच्या वेगाचा एक पूर्वगुणक धरावा लागतो आणि सवयीने तो सेकंदाला १० चा १३ वा घात धरला जातो. छोट्या रेणूंना तो चालतो. बेससारखा सपाट, मोठा रेणू पृष्ठभागावर पडलेला असताना त्याचं गिरकी घेणं आणि हलणं अडलेलं असतं. सुटताना ते सगळं मोकळं होतं, त्यामुळे खरा पूर्वगुणक कितीतरी मोठा निघू शकतो आणि त्याबरोबर ऊर्जाही वर सरकते. म्हणून अशा प्रयोगातला आकडा गणिताशी ताडताना पूर्वगुणक काय धरला होता ते आधी शोधा.

सोन्यावर निर्वातात हे रेणू सपाट पडतात. सोनं इतकं उदासीन आहे की त्यांच्यात खरा रासायनिक बंध फारसा होत नाही. पकड येते ती मुख्यतः व्हॅन डर वाल्स बलातून, म्हणजे कड्यावरचा इलेक्ट्रॉनांचा ढग आणि धातूतले इलेक्ट्रॉन यांच्या एकत्र हिंदकळण्यातून. प्युरिनांना (ग्वानिन, ॲडेनिन) दोन कडी असतात, पिरिमिडिनांना (सायटोसिन, थायमिन) एक. जितके जास्त अणू धातूला टेकतील तितकी पकड जास्त. ग्वानिनला त्यात एक ऑक्सिजन आणि एक अमिनो गट, दोन्ही असतात.

तुमचं डीएफटीचं कोडं इथेच सुटतं. डीएफटीतल्या साध्या पीबीई फलनात (ऊर्जा काढायच्या सूत्रात) हे लांब पल्ल्याचं बल नाहीच. जे बल पकडीचा मोठा हिस्सा आहे तेच गाळून गणित केलं, तर ॲडेनिन जेमतेम चिकटणारच. ग्रिमेची डी-३ दुरुस्ती किंवा व्हॅन डर वाल्स धरणारं फलन घेऊन तेच गणित पुन्हा चालवा. रेणू पृष्ठभागापासून ३ ते साडेतीन अँगस्ट्रॉमवर सपाट बसेल आणि ऊर्जा एक इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पुढे जाईल. जुनी डी-२ दुरुस्ती मात्र धातूंसाठी वापरू नका. धातूच्या आतले इलेक्ट्रॉन हे बल काही प्रमाणात झाकून टाकतात, ते तिच्या हिशोबात येत नाही आणि पकड फुगून दिसते. एकक पेशीचा, म्हणजे गणितात पुन्हा पुन्हा जोडल्या जाणाऱ्या तुकड्याचा, आकारही तपासा. सोन्याच्या १११ पृष्ठभागावर (हा आकडा स्फटिक कोणत्या दिशेने कापला ते सांगतो) शेजारच्या दोन अणूंमधलं अंतर २.८८ अँगस्ट्रॉम असतं. पेशी छोटी घेतली की तुमचं ॲडेनिन शेजारच्या पेशीतल्या ॲडेनिनशी हायड्रोजन बंध करतं आणि तुम्ही तो बंध सोन्याच्या खात्यात जमा करता. पेशी वाढवत जा आणि आकडा कुठे स्थिरावतो ते पाहा.

दुसरा क्रम पाण्यातला आहे, आणि तो सुट्या बेसचा नाही. २००३ साली अमेरिकेत डीएनएच्या छोट्या एकपदरी साखळ्या, प्रत्येक साखळीत एकच बेस, सोन्याच्या थरावर एकमेकींशी स्पर्धेला सोडल्या. तिथे ॲडेनिनची साखळी जिंकली, मग सायटोसिन, त्याच्या बरोबरीला किंवा किंचित मागे ग्वानिन, आणि थायमिन पुन्हा शेवटी. ॲडेनिनची ओढ तर इतकी की ॲडेनिन-थायमिनचं जुळलेलं दुपदर सोन्याजवळ उकलतं, ॲडेनिनचा पदर सोन्यावर बसतो आणि थायमिनचा सुटा राहतो.

ग्वानिन मागे पडलं याचं कारण पाण्यात किंमत मोजावी लागते. सोन्यावर आधीच पाणी, क्लोराइड किंवा सिट्रेट बसलेलं असतं. त्याला उठवून जागा घ्यायची असते. शिवाय बेसने आपल्या साथीदारांना सोडायचं असतं, आणि ग्वानिन तिथे अडकतं. ते स्वतःशीच हायड्रोजन बंधांनी घट्ट बांधलं जातं, चार-चारांच्या चौकड्या करतं. सुटं ग्वानिन साध्या पाण्यात विरघळत नाही हे तुम्ही बाटली हलवताना पाहिलंच असेल, कारण तेच. निर्वातात हा खर्च नसतो, म्हणून तिथे ग्वानिन पहिलं येतं.

आता एक गोष्ट जी मला या विषयात सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि जी प्रकल्पांत सर्रास विसरली जाते. बाटलीतलं ॲडेनिन आणि डीएनएतलं ॲडेनिन हे पृष्ठभागाच्या दृष्टीने दोन वेगळे रेणू आहेत. सुट्या ॲडेनिनमध्ये ९ क्रमांकाच्या नायट्रोजनवर हायड्रोजन असतो, आणि ती बाजू, ३ क्रमांकाच्या नायट्रोजनसकट, धातूला टेकायला मोकळी असते. डीएनएमध्ये नेमक्या त्याच ९ क्रमांकाच्या जागी साखर जोडलेली असते. उरतात ते ७ आणि १ क्रमांकाचे नायट्रोजन आणि ६ क्रमांकाच्या कार्बनवरचा अमिनो गट. सुट्या बेसवर मोजणी करून निष्कर्ष डीएनएला लावायचा, तर ही बाजू बंद झाल्यावर काय बदलतं ते दाखवणं तुमच्यावर येतं. तुमच्या यादीत ॲडेनोसिन घ्या. त्याच्यात साखर आहे, फॉस्फेट नाही, त्यामुळे एका वेळी एकच गोष्ट बदलते.

विभवाचा परिणाम पाहायचा असेल तर थायमिन आणि युरॅसिल (आरएनएत थायमिनच्या जागी येणारा बेस) घ्यावेत. सोन्याच्या १११ इलेक्ट्रोडवर विभव कमी असताना ते सपाट पडून हायड्रोजन बंधांनी जाळं विणतात. विभव धन बाजूला नेत गेलं की ३ क्रमांकाच्या नायट्रोजनवरचा प्रोटॉन निघून जातो, तो नायट्रोजन आणि दोन्ही बाजूंचे ऑक्सिजन सोन्याकडे वळतात आणि रेणू उभा राहतो. स्वयंपाकघरात ताटल्या ओट्यावर पसरून ठेवल्या तर चार मावतात आणि मांडणीत उभ्या लावल्या तर डझनभर. तसंच इथे एका क्षेत्रफळावर कितीतरी जास्त रेणू मावतात, कड्याला कडं लागून. पाण्यात हा प्रोटॉन सोडायला सामू (पीएच) ९.९ च्या आसपास लागतो, पण धन विभव असलेलं सोनं त्याला आम्लधर्मी द्रावणातही सोडायला लावतं. म्हणजे ‘थायमिन सोन्यावर सगळ्यात कमकुवत’ हे वाक्य विभव न सांगता लिहिलं तर अपुरं आहे.

ही समज आली ती सोन्यावरून नव्हे, पाऱ्यावरून. चेकोस्लोव्हाकियात हेरोव्स्कींनी १९२२ मध्ये पाऱ्याच्या थेंबाचं पोलरोग्राफीचं (विभव बदलत नेत विद्युतप्रवाह मोजायचं) तंत्र काढलं आणि १९५९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्याच देशात बर्नो शहरात पालेचेक यांनी १९६० च्या सुमारास न्यूक्लिक आम्लं पाऱ्याच्या इलेक्ट्रोडवर विद्युतसंकेत देतात हे दाखवलं, आणि १९६५ मध्ये व्हेट्टर्ल यांनी सुट्या बेसचं एक नवल नोंदवलं. विभव हळूहळू बदलत नेताना इलेक्ट्रोडची धारिता (प्रभार साठवायची क्षमता) एका जागी एकदम खाली पडते, काही अंतर सपाट तळाने जाते आणि पलीकडे तशीच एकदम वर येते. आलेखावर काठ उभे कापलेला खड्डाच दिसतो. रेणू एकेक करून बसत असते तर उतार आला असता. उभा काठ सांगतो की रेणू एकमेकांना धरून एका क्षणी थरात गोठले. पारा द्रव असल्याने त्याला पायऱ्या नाहीत, भेगा नाहीत, म्हणून हे इतकं स्वच्छ दिसलं. तापमान वाढवलं की हा खड्डा अरुंद होतो आणि शेवटी नाहीसा होतो. म्हणून सांगते, नागपुरात मे महिन्यात एसी बंद पडलेल्या प्रयोगशाळेत ४० अंशांना केलेली मोजणी आणि डिसेंबरातली २० अंशांची मोजणी एका तक्त्यात शेजारी शेजारी मांडू नका. पाणी फिरवून तापमान कायम ठेवणारं उपकरण लावा, आणि तेही नसेल तर निदान प्रत्येक मोजणीशेजारी तापमान लिहा.

शेजाऱ्यांचं महत्त्व एसटीएमने, म्हणजे पृष्ठभागावरचे अणू-रेणू टिपणाऱ्या सूक्ष्मदर्शकाने, डोळ्यांना दाखवलं. डेन्मार्कमधल्या आऱ्हुस इथल्या गटाने २००५ मध्ये सोन्याच्या १११ पृष्ठभागावर ग्वानिनच्या चौकड्यांचं जाळं टिपलं. गुणसूत्रांच्या टोकांना डीएनए घड्या घालतो तिथेही चार ग्वानिनांची अशीच चौकडी असते, फक्त तिथे मधोमध पोटॅशियमचा आयन बसतो. सोन्यावर त्याच्याशिवायही ती टिकली. त्याच गटाला २००८ मध्ये सायटोसिन मात्र नीट रचनेत बसताना दिसलं नाही; थंड केल्यावर नागमोडी धागे आणि पाच-सहा रेणूंची कडी यांचं काचेसारखं विस्कळीत जाळं झालं. सोन्याची पकड बाजूच्या दिशेने इतकी सैल असते की रचना ठरवतात ते हायड्रोजन बंध, सोनं फक्त पाट देतं.

तांब्यावर गेलात की हे उलटतं. तांब्याच्या ११० पृष्ठभागावर थायमिन आणि युरॅसिल विभव न लावताही प्रोटॉन सोडतात आणि नायट्रोजन-ऑक्सिजन धातूला लावून उभे राहतात. ॲडेनिन तिथे अणूंच्या ओळींच्या दिशा पाळत साखळ्या करतं. चांदी या दोघांच्या मध्ये कुठेतरी. प्लॅटिनम आणखी क्रियाशील आहे, पण सिस्प्लॅटिन हे कर्करोगावरचं औषध ग्वानिनच्या ७ क्रमांकाच्या नायट्रोजनला बांधतं म्हणून प्लॅटिनमच्या पत्र्यावरही तसंच होईल, असं लिहू नका. औषधात एकटा आयन असतो, पत्र्यात अब्जावधी अणूंचे सामायिक इलेक्ट्रॉन. या औषधाची कथा मात्र तुमच्या कामाची आहे: रोझेनबर्ग १९६५ मध्ये जिवाणूंवर विद्युतक्षेत्राचा परिणाम पाहत होते, आणि जिवाणूंचं विभाजन थांबवलं ते क्षेत्राने नव्हे, ‘निष्क्रिय’ मानलेल्या प्लॅटिनम इलेक्ट्रोडमधून विरघळलेल्या प्लॅटिनमने. आपला इलेक्ट्रोड काही करत नाही हे गृहीत धरू नये, तपासावं.

याच कारणासाठी इतवारीच्या सराफ्यातून आणलेला सोन्याचा पत्रा मोजणीला चालत नाही. विद्यार्थी दर वर्षी हे विचारतात, आणि खर्च वाचवायची त्यांची धडपड मला समजते. पण २२ कॅरेटमध्ये सोनं ९१.६ टक्के, उरलेलं तांबं आणि चांदी. पृष्ठभागावर तांब्याचे अणू आले की बेस त्यांनाच आधी धरतात. अभ्रकावर चढवलेला शुद्ध सोन्याचा थर घ्या आणि वापरण्याआधी ज्योतीत हलकेच लालसर तापवून थंड करा. १११ च्या सपाट पायऱ्या मिळतात आणि हवेतली घाणही जळून जाते.

आता रामन. सर चंद्रशेखर वेंकट रामन १९१० च्या सुमारास काही काळ नागपुरात वित्त खात्यात नोकरीला होते. त्यांचा परिणाम पुढे १९२८ मध्ये कोलकात्यात सापडला, आणि १९७४ मध्ये साउथॅम्प्टनला खरखरीत केलेल्या चांदीवरच्या पिरिडिनने धातूवर हा संकेत प्रचंड वाढतो याची पहिली चुणूक दाखवली. ॲडेनिनचं अख्खं कडं एकत्र फुलतं-आक्रसतं, त्या कंपनाची रेघ घन पदार्थात ७२३ प्रति सेंटीमीटरच्या आसपास आणि चांदीवर ७३५ च्या आसपास दिसते. रेघ सरकणं हा धातूशी संबंध आल्याचा पुरावा आहे. रेघेची उंची हा पकडीचा पुरावा नाही. या कंपनात इलेक्ट्रॉनांचा ढग फार मोठ्या प्रमाणात बदलतो, म्हणून थोडं ॲडेनिनही जोरात बोलतं. थायमिनची मुळातली तीव्रताच कमी असते, आणि धातूवर पृष्ठभागाला लंब दिशेची कंपनंच मुख्यतः वाढतात, त्यामुळे सपाट पडलेल्या रेणूच्या कड्याच्या प्रतलातल्या रेघा दबतात. तुमच्या वर्णपटात थायमिन नाही याचे तीन अर्थ होऊ शकतात: ते बसलंच नाही, बसलं पण सपाट पडलंय, किंवा बसलंय आणि नुसतं क्षीण आहे. हे वेगळं करायला सामू १० च्या वर नेऊन तोच वर्णपट पुन्हा घ्या. ३ क्रमांकाचा प्रोटॉन गेला की थायमिन नायट्रोजनने बांधलं जातं आणि दिसू लागण्याची शक्यता बरीच वाढते.

शेवटी निळं पडणारं कलिल. साधारण १३ नॅनोमीटरचे कण ५२० नॅनोमीटरला प्रकाश शोषतात म्हणून लाल दिसतात. त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतो तो सिट्रेटचा ऋण प्रभार. ॲडेनिन सिट्रेटला बाजूला सारून बसतं, पण स्वतः तटस्थ असल्यामुळे प्रभार आणत नाही. कण एकत्र येतात, शोषण ६५० च्या दिशेने सरकतं, रंग निळा. म्हणजे जे तुम्ही बिघाड समजत होतात तोच तुमचा अधिशोषणाचा (पृष्ठभागावर चिकटण्याचा) संकेत आहे. एकपदरी डीएनए याच्या उलट वागतो: बेस सोन्यावर बसतात, फॉस्फेटचा ऋण प्रभार बाहेर राहतो आणि मीठ घातलं तरी कलिल लाल राहतं. दुपदरी डीएनएचे बेस आत दडलेले असतात, म्हणून तो असं संरक्षण देत नाही. २००४ मध्ये या फरकावर रंग बघून डीएनए ओळखायची पद्धत बसवली गेली.

तुम्ही लाल कलिलाच्या चार कुप्या लावा, प्रत्येकीत एकेक गोष्ट घालून: नुसतं पाणी, ॲडेनिन, ॲडेनोसिन आणि ॲडेनोसिन मोनोफॉस्फेट, तिन्ही पदार्थांची तीव्रता सारखी. पाणी तिहेरी शुद्ध केलेलं घ्या, आरओचं नको, कारण उरलेला क्लोराइड सोन्यावर जागा अडवतो. काचेची भांडी आम्लराजाने (ॲक्वा रेजियाने) धुवा. ॲडेनिन आणि ॲडेनोसिनच्या कुप्या निळ्या पडतील, पण कोणत्या वेगाने ते ९ क्रमांकाची बाजू सांगेल. मोनोफॉस्फेटची लाल राहील. मग सोडियम क्लोराइड थोडं थोडं वाढवत ६५० आणि ५२० नॅनोमीटरच्या शोषणांचं गुणोत्तर नोंदवा. थायमिन आणि सायटोसिनसाठी हेच पुन्हा करा. ग्वानिन विरघळत नाही, त्याच्यासाठी ग्वानोसिन मोनोफॉस्फेट घ्या आणि त्याची तुलना फक्त इतर मोनोफॉस्फेटांशी करा. प्रबंधात प्रत्येक क्रमाशेजारी धातू, माध्यम, सामू आणि तापमान लिहा, आणि ॲडेनिन-सायटोसिनसारखे ज्यांच्यातले फरक त्रुटीत बुडतात ते दोघे एकाच पायरीवर ठेवा.